छत्तीस घरं

साडीच्या खोक्याचा पुठ्ठा बरा. आतून पांढरा,
कात्रीला जड, पण टेबलावर टाकला की वाजतो.
वडगावात माग थांबले, खोकी उरली.
दोन खोक्यांत अख्खी टीम बसते, राखीव धरून.

फासे दोन. लाल आधी वाचायचा, मग पांढरा:
लाल दोन, पांढरा पाच, म्हणजे पंचवीस.
अकरापासून सहासष्टपर्यंत घरं होतात छत्तीस
आणि माणूस तेवढ्यात मावला पाहिजे.

स्कोअरबुक माझंच. चौऱ्याण्णवचा हंगाम, चौदा सामने,
व्हॅक्सिन डेपोची तांबडी माती अजून पानांच्या शिवणीत.

गुंडू चौगुले. षटकार तीन घरं, बाद सहा.
असता तर म्हणाला असता, एक कमी कर की बे.
नाही करत. हा पत्ता आहे,
लग्नाचा बायोडेटा नव्हे.

मकतुम जमादार रात्रपाळी उतरून थेट मैदानात.
पहिली चार षटकं वेग पाच. त्यानंतर दोन.
त्यानंतर थर्डमॅनला, नीलगिरीच्या सावलीत, उभ्यानं झोप:
क्षेत्ररक्षण शून्य, पण ते मी पेन्सिलीनं लिहिलंय.

मिंगेल सोज यष्टीमागे. हातातून काही सुटलं नाही कधी.
फक्त खानापूरची पहिली बस सुटायची.
त्याच्या पत्त्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात:
सामन्याआधी एक फासा टाका. एक पडला तर दहाजणांत खेळा.

इथवर दोन संध्याकाळी लागल्या.
मग भरमा कंग्राळकर आणि ईरण्णा हंपण्णवर,
सलामीची जोडी, आणि तीन रात्री पेन उचललं नाही.

एकेकटे दोघं सोपे. सव्वीस सरासरी ह्याची,
त्याची सव्वीसला थोडी वर.
पण सहा वेळा धावबाद, सहाही वेळा एकमेकांपायी.
भरमा ओरडायचा 'बेडा!', ईरण्णाला कळावं म्हणून.
ईरण्णा ओरडायचा 'नको!', भरमाला कळावं म्हणून.
आणि ऐन धावेत कान मात्र
ज्याचा त्याचा घरी गेलेला.

वहीत 'धावबाद' एवढंच, पुढं फेकणाऱ्याचं नाव.
हाक कुणाची, पाय कुणाचा आधी उचलला,
त्याला रकाना नव्हता.

'काय लिहूलास इतक्या रातचं?' बायको विचारते.
'चूक.'
'कुणाची?'
'तेच की. घर शोधूलोय तिला.'

शेवटी छत्तीसवर ठेवली, दोघांच्याही पत्त्यावर.
लाल तीन, पांढरा सहा:
आकडे बघा, पाठीला पाठ लावून बसलेत.
आणि त्रेसष्टवर, जिथं तेच दोघं समोरासमोर येतात,
चोरटी दुसरी धाव.
कारण तीही होती. येळ्ळूरविरुद्ध, उन्हात,
एकही हाक न मारता, नुसत्या नजरेनं, वीसेक तरी.
पुरावा नाही. मी बघितलंय.

पुढच्या वर्षी फलकावरनं भांडण पेटलं,
गल्लीच्या टीमच्या दोन टीमा झाल्या,
दोन्हीकडं स्कोअरबुक नवीन. मला कुणी बोलावलं नाही.
त्या वर्षाचे पत्ते करणार नाही. पुठ्ठा आहे तसा.

राहता राहिलो मी, बारावा.
एकदाच उतरलो, सीमारेषेवर.
सीमेवर उभं राहायची सवय ह्या गावात जन्मापासून,
तरी झेल सुटला.
झेल: एक. शून्य लिहायला हात होईना,
ह्या एवढ्याच ठिकाणी वहीशी खोटं बोललोय.

काल पहिला सामना लावला.
सलामीला दोघं. लाल थांबला तीनवर.
पांढरा घरंगळत वहीच्या शिवणीत गेला
आणि तिथं तिरका टेकला, अर्धा सहा, अर्धा दोन.
तिरक्या फाशाचं काय करायचं ते नियमात लिहायचं राहिलंय.

दिवा घालवला, हात लावला नाही.
पट्टीच्या मधोमध आहेत दोघं,
आणि मातीच्या शिवणीवर तो फासा.