एक किलो उरला

तंबू बासष्ट किलोचा. शिडी धरून अडुसष्ट.
खारघरच्या एका जोडप्याकडून घेतला, ते कॅनडाला निघाले होते.
गादीच्या फटीत त्यांच्या पोरीची पिवळी क्लिप राहिली होती,
ती मी डॅशबोर्डवर ठेवली आहे,
कुठल्या पत्त्यावर पाठवणार.

घणसोली गावात तळ्यामागे हिराजी मढवींचं वेल्डिंगचं दुकान.
त्यांनी तंबूकडे बघितलंसुद्धा नाही.
गाडीच्या छपरावर तळहात ठेवला,
बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा,
आणि विचारलं, "रॅकचा कागद हाय?"

होता. पीयूसीच्या मागे, घडीवर फाटलेला.
त्यावर दोन आकडे:
गाडी चालताना पंचाहत्तर किलो,
उभी असताना तीनशे.

मी म्हटलं, रॅक तोच, पाय तेच चार,
मग ताकद अशी बदलते कशी?
"उभ्यानं काय, कोनीपन पेलतं," म्हणाले,
"वलनावर बघायचं."

मग छपराचा आकडा वेगळा, रॅकचा वेगळा,
आणि दोघांतला लहान तोच खरा,
हे त्यांनी पत्र्यावर खडूने मांडून दाखवलं.
तंबू अडुसष्ट. आडव्या दांड्या सहा.
एक किलो उरला.
गोधड्या डिकीत गेल्या, उशा मागच्या सीटवर.
क्लिप चालेल का, मी विचारलं.
ते हसले नाहीत. खडू पुसत म्हणाले, चालंल.

उचलायला चौघं:
हिराजी, त्यांचा भाचा भावेश,
समोरच्या गिरणीतला पिठाने पांढरा झालेला मारुती,
आणि मी, जिला कोणी हात लावू देत नव्हतं.
दांड्यांवर जुनं पोतं, ओरखडा नको म्हणून.
टेप डावीकडे, टेप उजवीकडे, पुन्हा डावीकडे.
दोन बोटांचा फरक निघाला,
तो सगळ्यांनी श्वास धरून सरकवला.
शिडी डाव्या अंगाला उघडणार,
झोपेत उतरणारा माणूस
ट्रकसमोर उतरायला नको.

नट एकदम आवळायचा नाही.
हा कोपरा थोडा, मग तिरका समोरचा,
मग उरलेले दोन, मग फिरून पहिला.
पान्याने कट्‌ केलं की हात थांबवायचा.
माझा थांबला नाही.
"जास्ती आवलू नको, ताय. आटे जातान."

मग तंबू उघडून हिराजी वर चढले,
चपला खाली, नीट जोडीने.
आडवे झाले. बराच वेळ आवाज नाही.
समोर चौदा मजल्यांची इमारत, तिच्या गच्चीवर टॉवर.
"त्या लिफ्टच्या जागी आमचा भात व्हायचा," वरून आवाज आला,
"खारा. लाल.
सातबारा गेला, साडेबारा टक्के आले,
तेबी तिघा भावांत."
थोड्या वेळाने, गादीवर हात आपटत,
"यो घर बरा. बिगरसातबाऱ्याचा."
भावेशने खालून फोटो काढला.
त्यात त्यांचे फक्त तळवे आले आहेत.

ऐरोलीला पोचले तेव्हा अंधार पडला होता.
सोसायटीच्या तळघराच्या तोंडाशी पिवळा-काळा लोखंडी दांडा,
उंची २.१ मीटर.
सगळं मोजलं होतं. हे नाही.
वॉचमन रामसूरत बांबू घेऊन आला,
गाडीला लावला, दांड्याला लावला,
आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं
की मी आपणहून रिव्हर्स टाकला.
बाहेर, पर्जन्यवृक्षाखाली लावली.
सकाळी छतावर बगळ्यांनी आपापलं मत नोंदवलेलं.

पन्नास किलोमीटर झाले की परत आवळायचं, असं ठरलं होतं.
ऐरोली ते बेलापूर, पामबीचवरून मागे, पुन्हा बेलापूर.
एकटीच. खाडीच्या वाऱ्यात वरून एक बारीक शीळ,
ऐंशीच्या पुढे ऐकू येणारी.
मी साठवर आले.
पंपावर हवा भरून घेतली, स्टूल मागितलं, पाना काढला.
तीन नट जागचे हलले नाहीत.
चौथा पाव फेरा फिरला.

फोन केला. पलीकडे ग्राइंडर चालू होता.
कुठला, त्यांनी विचारलं.
मागचा, उजवा.
ग्राइंडर थांबला.
"मंग आता सोर त्याला," म्हणाले,
"आनि शंभरला परत बघ."