असल्यास

फॉर्ममधला अकरावा रकाना:
कामाचा नमुना, फोटो, असल्यास.
'असल्यास' मीच टाकलं होतं, बारीक करड्या अक्षरात,
आणि विसरले.
विसरले म्हणजे, पडद्यावर लिहिलं,
आतल्या प्रोग्रामला सांगितलंच नाही.

राजारामपुरीत सातव्या गल्लीत आमचं ऑफिस,
तीन टेबलं, एक इन्व्हर्टर, खाली झेरॉक्सवाला.
तोच जिन्यावरून घेऊन आला दस्तगीर शिकलगारांना.
"ह्यांचा फॉर्म जाईना झालाय मॅडम.
कलाकार मानधनाचा.
चारदा भरला, चारदा नुसता पांढरा पडदा."

पांढऱ्या पडद्याची त्यांना सवय असावी.
फ्लेक्स येईपर्यंत तीस वर्षं
थिएटरची बॅनरं रंगवली माणसानं.
वीस बाय दहा फुटांचं कापड, अळशीचं तेल,
गुरुवारी रात्री शिडीवरून भुवयांवर शेवटचा हात,
शुक्रवारी पहिल्या खेळाच्या आत वर.

मग काका, एखादा फोटो?

"कुठला फोटो.
सिनेमा उतरला की त्याच कापडावर सफेदा.
कापडाला पैसे पडायचे, तोंडाला न्हाई.
एकेका कापडात चाळीस-पन्नास हिरॉइनी असतील बघा.
वजनावरनं कळायचं.
पयलं मी एकटा उचलायचो,
शेवटी शेवटी चौघं लागायची."

मी लॉग उघडला.
काहीच निवडलं नाही तरी ब्राउझर गप्प बसत नाही,
एक पाकीट धाडतोच: नाव कोरं, आकार शून्य.
माझा कोड बघायचा, पाकीट आलंय,
आणि खुशाल हात घालायचा आत.
हाताला काही लागलं नाही की कोसळायचा,
अख्खा अर्ज घेऊन:
नाव, वय वर्षे त्र्याहत्तर, बँकेचं खातं, आधार,
सगळं त्या एका नसलेल्या चित्रापायी.

मग ज्यांचे अर्ज गेले होते, ते गेले कसे?
चाळून बघितले.
एकानं लाइटबिल जोडलेलं.
एकीनं नातवाच्या बारशाचा फोटो.
उचगावच्या कुणीतरी भिंतीचा, नुसत्या भिंतीचा,
तीवर खिळासुद्धा नाही.
दार कशानं उघडतं हे लोकांना बरोबर कळतं.
माझ्या एका ओळीच्या आळसापायी
चौतीस माणसं थोडं थोडं खोटं बोलली होती.

दुरुस्ती म्हणाल तर चार ओळी.
पाकीट आलं का.
आत काही आहे का.
नसेल तर पुढं हो, उगाच विचारू नकोस.
चौथ्या ओळीला अडले:
मग साठवायचं काय त्या जागी?
सर म्हणाले, एवढं काय त्यात,
तो करडा चौकोन लाव, डोंगर-सूर्यवाला,
सगळे तोच लावतात.

लावला. काका खुर्ची पुढं ओढून बघत राहिले.
"हे कुणी काढलंय?"
कुणी नाही काका, तयार येतं.
"सूर्य हिकडं, मग डोंगराची सावली कुठाय?"

काढला.
तिथं नल ठेवलं.
म्हणजे रिकामं नव्हे, शून्यही नव्हे,
म्हणजे इथं काही सांगितलेलं नाही, एवढंच.
बटण दाबलं. अर्ज क्रमांक आला.
झेरॉक्सवाल्यानं प्रिंट काढली, दहा रुपये घेतले,
मग पाच परत दिले.

जिन्यात काका थांबले.
"फोटो नसला तरी चालतंय न्हवं?"
चालतंय की.
"मग इचारता कशाला?"

मी हसले, त्यांनीही हसून घेतलं,
आणि कठडा धरून एकेक पायरी उतरले,
शिडी उतरावी तसे, तोंड भिंतीकडं करून.

संध्याकाळी यादी छापली.
चौतीस नावांपुढं काही ना काही आहे.
पस्तिसाव्या नावापुढची जागा पांढरी,
सफेदा मारून वाळत घातल्यासारखी.

लाइट घालवायच्या आधी
तेवढं एक पान
उचलून बघितलं मी, हातावर.