परतल्याची वेळ

डोंगराने टोपी घातली की मी चहा टाकते.
म्हणजे आज कुणी निघायचं नाही.

इर्कुत्स्कहून आलेली पोरं कयाक वाळूवर ठेवून
आधी माझ्याकडे बघतात, मग पाण्याकडे.
पाणी इस्त्री केल्यासारखं.
सेसेग्मा आजी, वारा आहे कुठे?

मी बोट वर करते.
ढग कड्यावर टेकलाय तोवर ठीक.
ढग आणि कडा यांच्यामध्ये
सुरी सरकेल एवढी फट पडली
की मग अर्धा तास. कधी तेवढाही नाही.
सार्मा दरीतून उतरते, कुणाला विचारून येत नाही.
आमच्या शेडचा पत्रा नेला तिने एका वर्षी,
तो अजून बेटावर
कुणाच्या तरी कोंबड्यांचं छप्पर आहे.

सप्टेंबरचं ऊन आहे, बाह्या वर करून उभी आहेत पोरं.
बाळांनो, कपडे उन्हासाठी नसतात, पाण्यासाठी असतात.
घाल हात, कोपरापर्यंत.
आता दोनशे मोज.

(शंभराच्या आसपास आकडे अडखळू लागतात.
त्या अडखळण्यावर माझा भरवसा आहे,
भाषणांपेक्षा जास्त.)

दारामागे खिळ्याला बांधलेली वही.
नाव. जॅकेटचा रंग. निघाल्याची वेळ.
शेवटचा रकाना, परतल्याची वेळ.
सव्वीस उन्हाळे. सगळे रकाने भरलेले,
एक सोडून.

रोदिओन, दातांचा डॉक्टर. केशरी.
नऊ चाळीस.

दुपारी फट पडली, आणि पुढे काय झालं ते सांगायला
त्या दिवसाचा आवाज लागेल, माझा पुरणार नाही.
पाणी उभं राहिलं.
झोरिग्तो मोटरबोटीची दोरी सोडायला धावला
आणि मीच त्याचं मनगट धरलं.
सार्मा चालू असताना बोट काढायची नाही,
हा नियम माझा. भिंतीवर माझ्याच अक्षरात.
त्या रात्री तो माझ्याच घशात अडकला,
गिळता येईना, थुंकता येईना.

मग आम्ही चाललो. किनाऱ्याने, कंदील घेऊन,
प्रत्येक काळ्या दगडापाशी वाकून बघत.
झोरिग्तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.
पहाटे एका आडोशात केशरी काहीतरी दिसलं.
जॅकेट. नीट घडी घातलेलं,
दगडांना बांधलेल्या कयाकमध्ये.
माणूस नाही.

तो घरी होता.
वारा फिरताच आत वळला होता शहाणा माणूस,
किनारा कधी सोडलाच नव्हता त्याने,
कयाक दोन गाठींनी बांधली,
मासळीच्या ट्रकमध्ये बसून शहर गाठलं,
गरम पाण्याने अंघोळ केली, झोपला.
सगळं बरोबर केलं.
फक्त पोचलो म्हणून सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आला, चॉकलेटचा मोठा डबा घेऊन.
झोरिग्तोची दाढ फुकट काढून दिली.
मग दारामागे जाऊन म्हणाला,
पेन द्या, तो रकाना भरतो.
मी पेन दिलं नाही.
चॉकलेटं खाल्ली. पेन दिलं नाही.

कोरी जागा दाखवताना दरवेळी
अंगठा टेकून टेकून तिथला कागद मऊ झालाय.

तो पोरगा अजून मोजतोय. एकशे बारा, एकशे बारा.
दुसरा म्हणतो, आजी, काहीच तर होत नाहीये.

मी चहात दूध घालते, उरलेलं वाटीत घेऊन
दारात येते. अनामिका बुडवते.
चार दिशांना चार थेंब, माझी आई उडवायची तसे.
एक पाण्याला.
एक बेटाला.
एक रस्त्याला, त्यावरून घरी गेलेल्यांना.
चौथा डोंगराकडे उडवते
आणि तो उलटा येऊन
माझ्याच गालावर पडतो.

कयाक आत घ्या, पोरांनो.