स्प्रिंगखालचं वजन

कुर्ल्याला, सीएसटी रोडवर,
नजीबच्या भंगाराच्या काट्यावर मी चाकं मोजतेय.
माझ्या आधी तांब्याच्या तारेचं भेंडोळं होतं,
माझ्यानंतर कुणाचा तरी मोडका कूलर आहे.
कंपनीतून आलेलं पोलादी चाक : तेरा किलो चारशे.
सोळा इंची फोर्ज्ड : आठ किलो दोनशे.
नजीब लाल आकड्यांकडे बघत विचारतो,
"ॲल्युमिनियमचा भाव लावू?"

दुकानदार सोहनी अजून वीस इंचीवरच अडलाय.
"मॅडम, गाडी उभी राहिली की लोकांनी वळून बघायला पाहिजे."
मी म्हणते, उभी राहायला नाही घेतली गाडी.

बाबा मागे स्टुलावर.
एकतीस वर्षं दहाचाकी चालवली, न्हावाशेवा ते इंदूर,
लाथ मारून हवा ओळखणारा माणूस.
मी चाक एका हाताने उचलून दिलं,
ते त्यांनी मांडीवर घेतलं
दुसऱ्याचं तान्हं मूल घ्यावं तसं, अवघडून.
नखाने टिचकी मारली.
वाजलं. बराच वेळ वाजत राहिलं.
"पोकळ आहे."
पोकळ नाही बाबा, ठोकून दाबलंय,
ठोकलं की कमी धातूत भागतं.
"ठोकलं की सगळ्यांचंच कमीत भागतं,"
म्हणाले, आणि कटिंग मागवला.

कसं सांगायचं त्यांना?
हौद्यात पोतं टाकलं तर स्प्रिंग ते सोसते.
चाकाचं वजन कुणीच सोसत नाही,
ते थेट रस्त्याशी भांडतं.
उंचवट्यावर उसळतं, परत टेकायला उशीर करतं,
आणि तेवढ्या उशिरात टायर हवेत असतो,
हवेत स्टिअरिंगला कोण विचारतं?
मी हाताने उसळणारं चाक करून दाखवत होते,
बशीतला चहा फुंकत ते म्हणाले,
"रिकामी गाडी जास्त उडते. भरलेली शहाणी."

मी गप्प झाले.
सहा महिने आकडेमोड करून मी जिथे पोचले होते
तिथे हा माणूस कसाऱ्याच्या घाटात
कधीच बसून आला होता.

मग टायर.
शाजीने दोन आणून टेकवले भिंतीला.
एक दहा प्लायचा, तेवीस किलो,
कडा अशी की कुऱ्हाड मारली तरी हसेल.
दुसरा सतरा. अंगठ्याने दाबला तर दबतो.
"खडीवर फाटला तर मला फोन नको," शाजी म्हणाला.
रविवारी खोपोलीपुढे मातीचा ट्रॅक आहे,
मला चार सेकंद कमी पडतात.
"चार सेकंदांत काय करणार?" बाबांनी विचारलं.
चेष्टा नव्हती, खरंच विचारलं.
मी सतरा किलोवाला निवडला.
उत्तर अजून दिलेलं नाही.

पैसे चार चाकांपुरतेच निघाले.
पाचव्याचं नाव मी काढलं नाही,
सोहनीनेही मोठ्या मनाने काढलं नाही.

निघताना मिठीच्या पुलावर तो सांधा आला
जो रोज मणक्यात वाजतो.
बाबांनी सवयीने वरचं हँडल आधीच धरलं.
सांधा गेला.
हात तसाच वर, कशाची तरी वाट बघत,
मग त्यांनी तो खाली घेतला
आणि उगाच काच पुसली.

घरी आल्यावर बघते तर हौद्यात
जुनं पोलादी चाक, वर जुनाच तेवीसवाला टायर,
काथ्याने आवळलेलं, त्यांच्या त्या गाठीने
जी अजून मला सुटत नाही.
छत्तीस किलो.
"स्टेपनीशिवाय गाडी बाहेर काढायची नाही," म्हणाले,
आणि जिन्यात थांबून, जरा हळू :
"हे स्प्रिंगच्या वर आहे. चालतं ना?"

चालतं, मी म्हटलं.
रविवारी उतरवून ठेवणार आहे, हे म्हटलं नाही.
रात्री खाली जाऊन गाठ बघून आले.
बॅटरीच्या उजेडात तिचं एकच टोक दिसत होतं.