कठडा

गोदामाची किल्ली सात वर्षं माझ्याकडे होती.
आत दोनशे बारा यंत्रं, प्लास्टिकखाली,
वाऱ्याकडे पाठ करून मेंढ्या उभ्या राहतात तशी.
रोज दोनदा हवेतला दमटपणा मोजायचा, वहीत लिहायचा,
उंदीर दिसला तर कळवायचं.
उंदीर कधी दिसला नाही. खायला होतं काय त्याला?
भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला डब्लिनहून यायचं.
नाकापेक्षा मोती जड,
आणि मोती तर कुणी घातलाच नव्हता.

त्याआधी चर्चच्या सभागृहात प्रात्यक्षिक झालं,
तेव्हा आई पहिल्या रांगेत होती, ओला कोट मांडीवर.
अ‍ॅट्रॅक्टा टूही. चाळीस वर्षं मतमोजणीला
लाकडी कठड्याला पोट टेकून उभी राहिलेली बाई.
पलीकडे पेटी उलटी व्हायची, घड्या उलगडायच्या,
ही अलीकडून उलटे आकडे सुलट वाचायची,
पेन्सिलीने चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
कुठल्या बोळातली किती मतं फिरली
ते दुपारच्या चहाआधी तिला तोंडपाठ.

कंपनीचा पोरगा म्हणाला, दोन मिनिटांत निकाल.
डर्वला बाई म्हणाल्या, आत काय चालतं ते दाखवा.
ते गुपित आहे, पण तज्ज्ञांनी तपासलंय.
तज्ज्ञांना कुणी तपासलं? मागून कुणीतरी.
विमानात बसता तेव्हा इंजिन उघडून बघता का?
विमान पडलं तर आवाज तरी होतो.

आई उठली. म्हणाली, मी उभी कुठं राहू?
पोराला प्रश्नच कळला नाही.
उभं राहायची गरजच नाही आता, आजी.

माझा भाऊ अकरा मतांनी पडला, ती म्हणाली.
ती अकराही मी पाहिलीत. एकावर चहाचा डाग होता.
म्हणून त्या रात्री आम्हाला झोप लागली.

मग कोट घातला आणि निघाली. गुंड्या चुकीच्या लागल्या होत्या.

यंत्रं गोदामात आली. पेट्या आणि पेन्सिली जागेवर राहिल्या.
आई गेली त्या फेब्रुवारीत, एका रात्री,
मी एकाची वायर भिंतीत खुपसली.
वर नमुन्याची मतपत्रिका अजून चिकटलेली :
सफरचंद, नासपती, आलुबुखार.
मी नासपतीला पहिली पसंती दिली. आईला आवडायची.
हिरवा दिवा लागला. मत नोंदवलं गेलं.
मी तिथंच उभा, पोट टेकायला काही नाही,
दिवा माझ्याकडे बघतोय, मी दिव्याकडे.
वायर काढली. प्लास्टिक ओढलं. वहीत लिहिलं : दमटपणा नेहमीइतका.

भंगारवाल्याचा ट्रक जूनमध्ये आला.
ड्रायव्हर कॉर्कचा, घाईत. कागद पुढे केला :
यंत्रं दोनशे बारा, सर्व रिकामी. इथं सही.
मी सही केली.

एकात एक नासपती होती.
कुठल्या, ते मलाही सांगता येणार नाही.