राहिलेली बी

गुदैबियाच्या दुकानात काळी लिंबं
उघड्या गोणीत असतात,
वाटाण्यासारखी मापून देतात.
दुकानदार विचारतो, किती किलो?
मी म्हणते, तीन लिंबं.
तो हसतो. तीन कुणी घेत नाही.

आमच्याकडे तीनच असायची.
आबाच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
रुमालात बांधून, जुन्या पासपोर्टाच्या वर.
पालशेतात दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हती.
शेजारची सुलभाकाकी म्हणायची,
हे मेलेली लिंबं शिजवतात.

आबा बावीस वर्षं अवालीला, तेलकंपनीच्या मेसमध्ये.
आधी कांदे सोलले, मग भात, मग शुक्रवारचं कालवण.
एका वर्षी आमसुलं संपली, बोट उशिरा आली म्हणे,
तेव्हा अब्बास नावाच्या आचाऱ्यानं
त्याच्या तळहातावर एक काळं लिंबू ठेवलं.
एवढीच गोष्ट.
अब्बास कधी मुहर्रकचा असायचा, कधी बसऱ्याचा.
लिंबू मात्र दर वेळी तेच.

मी नऊ वर्षांची. पाट चुलीपासून हातभर लांब.
"दणका नको. वरवंटा नुसता टेकव.
आता बी काढ. सगळी.
एक राहिली तर अख्खा टोप कडू."
मी मोजायचे. सात. आठ.
आबा नखानं नववी काढायचा.

वाटण बायचं. त्यात त्यानं कधी तोंड घातलं नाही.
मासा शेवटी. ढवळायचं नाही,
टोप दोन्ही कानांना धरून हलवायचा,
होडी धक्क्याला लावतात तेवढाच.
मग बाय म्हणायची,
जा, दोघं दोणीवर हात धुऊन या.
आम्ही जायचो.

इथे मला सहा वर्षं झाली.
रात्रपाळी सुटली की टॅक्सीवाला
मासळीबाजारापाशी सोडतो.
सुरमईला इथे कनद म्हणतात.
अंगावर अजून इस्पितळाचा वास,
आणि पहाटे साडेपाचला मी वाटण वाटते.
सगळं बरोबर करते. बिया मोजते. टोप कानांना धरते.
चव येत नाही.
वाईट येते असं नाही. येत नाही.
नारळ बदलला. पाणी बाटलीचं घेतलं.
एकदा लिंबं चार घातली तर इतकं कडू झालं
की सोबत राहणारी मारिसेल
काही न बोलता दोनदा भात वाढून घेत राहिली.

शेवटी बायला फोन लावला.
ऐकायला कमी येतं तिला, मी ओरडून कृती सांगितली,
वरच्या मजल्यावरच्यांनीही शिकून घेतली असेल.
ती गप्प. मला वाटलं, लाईन गेली.
मग म्हणाली, "आणि आमसुलं?"
कसली आमसुलं?
"अगो, दोन. तुम्ही दोणीवर गेलात की टाकायचे.
त्याच्या त्या लिंबाला वास तेवढा. आंबट कुठाय?
वाढायच्या आधी डावानं काढून घ्यायचे.
सोळा वर्षं.
गेला बिचारा, कळलं नाय त्याला शेवटपर्यंत."
आणि हसत सुटली, खोकला लागेपर्यंत.

आज ओट्यावर दोन्ही आहेत.
दोन आमसुलं, पुण्याच्या एका नर्सकडून मागून आणलेली.
मारिसेलला मी दार ओढून घ्यायला सांगितलं,
का ते मलाच कळलं नाही.
टोप हलला, आणि वास वर आला,
तो. तोच.

बायला एक सांगितलं नाही मी.
एकदा आबाचं ताट उचलताना
काट्यांच्या ढिगाखाली, अगदी कडेला दाबून ठेवलेलं
चिंब झालेलं एक आमसूल होतं.
डावातून निसटलेलं.
आबा, हे काय?
त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.
एक काटा उचलून त्यावर नीट आडवा ठेवला.
"बी असेल," म्हणाला.
"राहिली असेल एखादी."