खडूची सावली

कॉर्डेलिया स्ट्रीट, सेंट पॉल, मिनेसोटा.
कुंपणापासून कुंपणापर्यंत चोपन्न फूट.
फीत माझ्याच हातात होती, मी दोनदा मोजले.
त्यातले छत्तीस गाड्यांचे,
चालणाऱ्यांना दोन्हीकडून पाच-पाच,
आणि झाडांना उरलंसुरलं:
इकडे चार, तिकडे चार.

डांबर उखडलं तेव्हा दिसलं
ती मुळं कशी जगली होती ते.
कडेच्या दगडाला थडकून काटकोनात वळलेली,
गॅसच्या नळाला घासत मागे फिरलेली,
आणि शेवटी स्वतःच्याच बुंध्याभोवती
फास आवळून बसलेली.
आम्ही वरून म्हणत होतो,
फुटपाथ उचलतात मेली, माजलीत.
कोण कोणाच्या मुळावर उठलं होतं
ते खड्ड्यात उतरल्यावर कळतं.

व्हर्ना टॉलेफसन, वय एकोणनव्वद,
हिने दोन रांगा मरताना पाहिल्यात.
आधी एल्म. या टोकापासून त्या टोकापर्यंत एल्मच,
एकाला लागलं ते सगळ्यांना लागलं.
मग शहाणपण म्हणून ॲश लावले.
सगळे ॲश.
हिरव्या पाठीचा किडा आला, नखाएवढाही नाही,
सालीखाली नागमोडी काहीतरी लिहीत गेला.
ते वाचता येईपर्यंत
पालिकेने बुंध्यांवर रंगाचे पट्टे ओढले होते.
मी तिला नवी यादी वाचून दाखवली:
ओक, हॅकबेरी, लिंडन, कॉफीट्री,
शेजारीशेजारी एकसारखं एकही नाही.
"हे तेव्हा का नाही सुचलं?"
"तेव्हा माझा जन्म नव्हता," मी म्हणाले.
ते उत्तर नव्हतं. तिलाही ठाऊक होतं.

चर्चच्या तळघरात सभा, पातळ कॉफी,
भिंतीवर माझा नकाशा:
रस्ता सव्वीस, झाडांना नऊ-नऊ,
गाड्या एकाच बाजूला.
मिलोराड पेशिच उठला. नळकाम करतो,
शिडी बांधलेली लांबलचक व्हॅन आहे त्याची.
"ती कुठे लावू? फांदीवर?"
लोक हसले. मीही हसले, नको होतं हसायला.
मग पा हुआ म्हणाली,
"माझी सासू पश्चिमेच्या खोलीत झोपते.
जुलैमध्ये या, भिंतीला हात लावून बघा."
सासूबाई ह्माँग भाषेत बराच वेळ बोलल्या.
पा हुआने तेवढ्याचं एवढंच केलं:
"किती वर्षं, असं विचारतायत."
"वीस."
सासूबाई हसून काहीतरी म्हणाल्या.
त्याचं भाषांतर कुणी केलं नाही.

मत पडलं. थोडक्यात निभावलं.
मिलोराडचा हात खालीच होता.

शिशाचे जुने नळ निघाले, नवे पडले.
ट्रक भरभरून माती आली, काळी, सैल,
हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशी.
रोलरवाल्याला तीनदा सांगितलं,
इथे नाही. इथे चाक नको, पाय नको.
त्याच्या जन्मात पहिल्यांदाच कुणी
जमीन दाबू नको म्हणत होतं.
ऑक्टोबरात रोपं लागली,
अंगठ्याएवढी जाड, काठीला बांधलेली,
तापात उठवून उभं केल्यासारखी.

जुलै. मिलोराड मला गाठतो,
भर रस्त्यात, अजून रागातच.
"सांग, वीस वर्षांनी, याच महिन्यात,
दुपारी तीनला या ओकची सावली कुठे असेल?"
मी हिशेब केला. तीस फूट धरले,
सूर्य नैर्ऋत्येला, बराच वर.
खिशात खडू होता.
नव्या डांबरावर मी ती काढली,
वेडीवाकडी, वांग्याच्या आकाराची.
त्याने काही न बोलता व्हॅन आणून
बरोबर तिच्यात उभी केली.
पत्रा असा तापलेला की भाकरी भाजावी.
तो आत बसला, खिडकी खाली, डोळे मिटून.

दोन दिवसांनी पाऊस झाला, खडू गेला.
मंगळवारी मी झडपा तपासायला आले
तर सावली पुन्हा तिथेच होती, निळ्या खडूची,
आत दोन पोरं पालथी पडून काहीतरी खेळत होती.
माझ्या हिशेबापेक्षा
ती दोनेक फूट मोठी वाटली.
मी फीत बाहेर काढली नाही.